विश्लेषण : कायदा एकच, दंड वेगवेगळा! राज्याची हद्द ओलांडताच ई-चलनाचे गणित का बदलते?

एकाच देशात, एकाच कायद्याखाली, एकाच चुकीसाठी दंडाची रक्कम राज्यागणिक वेगळी आहे. काही राज्ये थकलेल्या चलनांवर घसघशीत सूट देतात, तर एका राज्याने पाच वर्षांची चलने रद्दच केली. ही तफावत कुठून आली, परराज्यात चलन झाल्यास काय होते आणि इतर देशांनी हा प्रश्न कसा सोडवला, याविषयी…

दुचाकीवर तिघे बसले तर केंद्राच्या मोटार वाहन कायद्यात १,००० रुपये दंड आहे. गुजरातने २०१९ मध्ये हीच रक्कम १०० रुपयांवर आणली. म्हणजे पालघर जिल्ह्यातील तलासरीहून ट्रिपल सीट निघालेली दुचाकी गुजरातच्या हद्दीत शिरली की गुन्हा तोच, कलम तेच, पण दंड बदलला. विनाहेल्मेट दुचाकीस्वाराला दिल्लीत १,००० रुपये मोजावे लागतात, महाराष्ट्रात ५००. आता जागोजागी कॅमेरे बसल्याने चलन थेट मोबाइलवर येते. शेजारच्या राज्यात दोन दिवस फिरून आलेल्या कुटुंबाला महिन्याभराने लघुसंदेश येतो आणि तो भरायचा कुठे, चुकीचा असेल तर दाद मागायची कुणाकडे, न भरल्यास काय होईल, असे प्रश्न सुरू होतात. यातील बहुतेक प्रश्नांची उत्तरे चलन कोणत्या राज्याचे आहे, यावर अवलंबून आहेत.

कायदा केंद्राचा, मग दंड राज्यांचे कसे?

राज्यघटनेत यांत्रिक वाहने हा विषय समवर्ती सूचीत आहे. त्यावर केंद्र आणि राज्ये दोघेही कायदा करू शकतात. पोलीस हा विषय मात्र राज्यांचा. त्यामुळे कायदा संसदेने करायचा आणि रस्त्यावर त्याची अंमलबजावणी राज्याच्या पोलिसांनी व परिवहन विभागाने करायची, अशी ही रचना आहे. सध्याचा मोटार वाहन कायदा १९८८ चा असून तो १ जुलै १९८९ पासून देशभर लागू झाला.

याच कायद्यातील कलम २०० मध्ये तफावतीचे मूळ आहे. वाहतुकीचा प्रत्येक गुन्हा न्यायालयात नेणे शक्य नाही. म्हणून ठरावीक गुन्ह्यांत ठरावीक रक्कम भरून प्रकरण तिथेच मिटवण्याची सोय या कलमात आहे. कायद्याच्या भाषेत याला ‘तडजोड’ म्हणतात. वाहतूक पोलीस रस्त्यावर जी रक्कम घेतात किंवा ई-चलनावर जी रक्कम दिसते, ती बहुतेक वेळा न्यायालयाने ठोठावलेला दंड नसून हे तडजोड शुल्क असते. ते किती असावे आणि कोणत्या दर्जाच्या अधिकाऱ्याने घ्यावे, हे ठरवण्याचा अधिकार कलम २०० ने राज्य सरकारला दिला आहे. राज्य राजपत्रात अधिसूचना काढते आणि रक्कम ठरते.

वेगमर्यादेचेही तसेच. केंद्र कमाल वेग ठरवते. राज्याला एखाद्या रस्त्यावर त्याहून कमी मर्यादा घालता येते. महाराष्ट्रातच समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे, तर मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात १०० ची. समृद्धीवर जो वेग नियमात बसतो, तोच द्रुतगती मार्गावर चलनाला निमंत्रण देतो.

२०१९ नंतर तफावत का वाढली?

तीस वर्षे दंडाच्या रकमा जवळपास गोठलेल्या होत्या. विनापरवाना वाहन चालवण्याला ५०० रुपये, किरकोळ नियमभंगाला १०० रुपये. २०१९ च्या दुरुस्ती कायद्याने त्या एकदम वाढवल्या आणि १ सप्टेंबर २०१९ पासून नवे दंड लागू झाले. विनापरवाना वाहन चालवण्याचा दंड ५,००० रुपये झाला. हेल्मेट किंवा सीटबेल्ट नसल्यास १,००० रुपये, मद्यपान करून वाहन चालवल्यास १०,००० रुपये किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अथवा दोन्ही.

वाढीव दंडाच्या बातम्यांनी लोक संतापले आणि राज्यांनी हात आखडता घेतला. गुजरातने दहा दिवसांतच दर कमी केले. हेल्मेट आणि सीटबेल्टसाठी ५०० रुपये, विनापरवाना दुचाकीसाठी २,००० तर मोटारीसाठी ३,००० रुपये. त्याच महिन्यात कर्नाटकने आणि पुढच्या महिन्यात केरळने हेल्मेटचा दंड निम्मा केला. पश्चिम बंगाल, मध्य प्रदेश, पंजाब, राजस्थान यांनी सुरुवातीला अंमलबजावणीच थांबवली. महाराष्ट्रात विधानसभा निवडणूक तोंडावर होती. तत्कालीन परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी केंद्राला पत्र लिहून दंडाचा फेरविचार करण्याची मागणी केली. राज्यात नवे दर प्रत्यक्षात आले ते डिसेंबर २०२१ मध्ये. गोव्याने एप्रिल २०२२ पासून ते लागू केले.

केंद्राला हे मान्य नव्हते. संसदेने ठरवलेल्या रकमेपेक्षा कमी दंड राज्यांना आकारता येणार नाही, त्यासाठी राष्ट्रपतींची संमती घेऊन वेगळा कायदा करावा लागेल, असे केंद्राने जानेवारी २०२० मध्ये महान्यायवादींच्या अभिप्रायाच्या आधारे राज्यांना कळवले. तरीही कमी केलेले दर अनेक राज्यांत कायम राहिले. दुसरीकडे, कायद्याच्या कलम २१०-अ नुसार राज्याला दंड दहापटीपर्यंत वाढवण्याची मुभा आहे. राज्यांचा कल मात्र दंड कमी करण्याकडेच राहिला. रस्त्यावरचा वाहनचालक हा मतदारही असतो.

कोणते गुन्हे चलन भरून मिटत नाहीत?

सगळेच गुन्हे तडजोडीत बसत नाहीत, आणि इथे सर्व राज्ये एका पातळीवर येतात. मद्यपान करून वाहन चालवणे (कलम १८५) हा त्यातला सर्वांत ठळक गुन्हा. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल आढळल्यास प्रकरण न्यायालयातच जाते. रस्त्यावर पैसे भरून सुटका होत नाही. धोकादायक पद्धतीने वाहन चालवण्याच्या कलम १८४ मधूनही फक्त हातात मोबाइल धरून वाहन चालवणे तेवढे तडजोडीत येते.

अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देण्याचा गुन्हा (कलम १९९-अ) यात सर्वांत कठोर आहे. त्यात पालक किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. पुण्यात कल्याणीनगर येथे मे २०२४ मध्ये झालेल्या अपघातानंतर हे कलम राज्यभर चर्चेत आले.

दंडाखेरीज परवान्यावरही परिणाम होतो, हे अनेकांना ठाऊक नसते. हेल्मेट नसणे आणि ट्रिपल सीट या दोन्ही गुन्ह्यांत तीन महिने परवाना निलंबनाची तरतूद थेट कायद्यात आहे. राज्याने दंड ५०० केला काय किंवा १०० केला काय, ही तरतूद कायम राहते. प्रत्यक्षात मात्र पैसे भरले की बहुतेक प्रकरणे तिथेच संपतात.

दुसऱ्या राज्यात चलन झाले तर काय होते?

वाहन परवाना आणि नोंदणी संपूर्ण भारतात वैध असते. ‘वाहन’ आणि ‘सारथी’ या राष्ट्रीय माहितीसंचांत वाहनांची आणि परवान्यांची नोंद असते. त्यामुळे बेंगळूरुच्या चौकातील कॅमेऱ्याने टिपलेली कोल्हापूरची गाडी कुणाच्या नावावर आहे, हे तिथल्या पोलिसांना लगेच कळते आणि चलन मालकाच्या नोंदणीकृत मोबाइलवर येते. इथपर्यंत व्यवस्था सीमा ओलांडते.

अडचण त्यापुढची आहे. देशातील बहुतेक राज्ये राष्ट्रीय माहितीविज्ञान केंद्राने तयार केलेली ई-चलन प्रणाली वापरतात. महाराष्ट्राची ‘महाट्रॅफिक’ ही वेगळी प्रणाली आहे. त्यामुळे राज्याबाहेर गाडी नेणाऱ्याने केवळ महाराष्ट्राच्या संकेतस्थळावर थकबाकी शून्य दिसते म्हणून निर्धास्त राहणे चुकीचे ठरते.

चलन मान्य नसेल तर वाट आणखी अवघड होते. गुन्हा जिथे घडला तिथल्याच न्यायालयात तो चालतो. वाहतूक चलनांसाठी दिल्लीत जुलै २०१९ मध्ये आभासी न्यायालय सुरू झाले. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२० मध्ये नागपूर जिल्ह्यातील काटोल येथे अशा न्यायालयाची सुरुवात झाली. मोबाइलवर समन्स येते, गुन्हा मान्य असल्यास घरबसल्या दंड भरून प्रकरण संपते. ‘मान्य नाही’ असा पर्याय निवडला, तर मात्र प्रकरण नियमित न्यायालयात जाते. पाचशे रुपयांच्या चलनासाठी सोलापूरचा माणूस हैदराबादला तारखा करणार नाही. चूक नसतानाही तो पैसे भरतो किंवा चलनाकडे दुर्लक्ष करतो. दोन्ही वेळा कायद्यावरचा विश्वास कमीच होतो.

परवान्याचेही असेच आहे. वेगमर्यादा ओलांडणे, मद्यपान, हेल्मेट नसणे, रुग्णवाहिकेला वाट न देणे अशा गुन्ह्यांत पोलीस परवाना ताब्यात घेऊन तो देणाऱ्या परिवहन कार्यालयाकडे निलंबनासाठी पाठवू शकतात. परराज्यातील चालकाच्या बाबतीत हे दोन राज्यांच्या दोन कार्यालयांतील पत्रव्यवहारावर अवलंबून राहते. शिवाय गुन्ह्यांची बेरीज करणारी गुणपद्धत देशपातळीवर रुळलेली नाही. एकाच चालकाने गोव्यात, कर्नाटकात आणि महाराष्ट्रात एकेकदा बेदरकारपणा केला, तर प्रत्येक राज्याच्या लेखी तो पहिल्यांदाच चुकलेला असतो.

चूक चालकाची, चलन मालकाला?

कॅमेऱ्याला वाहनाचा क्रमांक दिसतो, चालकाचे नाव नाही. म्हणून चलन वाहनमालकाच्या नावे निघते. घरातील मुलगा, मित्र, भाड्याने गाडी चालवणारा चालक किंवा विकलेली पण नावावर न झालेली गाडी घेणारा, यांपैकी कुणीही चुकले तरी संदेश मालकाला येतो. राज्यातील मालवाहतूकदारांनी जुलै २०२५ मध्ये संप पुकारला, त्यामागे ई-चलनाची हीच तक्रार प्रमुख होती. एका ट्रकचा वर्षभरात चार चालकांशी संबंध येतो आणि सगळ्यांच्या चुका मालकाच्या खात्यावर जमा होतात.

कायद्यात यावर उपाय नाही, असे नाही. कलम १३३ नुसार गुन्ह्याच्या वेळी गाडी कोण चालवत होते, याची माहिती मागितल्यास देणे मालकावर बंधनकारक आहे. माहिती दडवणे किंवा खोटी देणे हा कलम १७९ खाली स्वतंत्र गुन्हा असून त्याला २,००० रुपये दंड आहे. पण ई-चलनाच्या व्यवहारात हा टप्पा अभावानेच येतो. चलन निघते, मालक ते भरतो किंवा थकवतो. कोण चालवत होते, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

केंद्राने ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम घालून काही बंधने आणली. कॅमेरा किंवा वेगमापक यंत्राला मान्यतेचे प्रमाणपत्र हवे आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण व्हायला हवे. अशा रस्त्यावर आधी सूचनाफलक हवा. नियमभंगाची सूचना १५ दिवसांत पाठवायला हवी आणि चलन निकाली निघेपर्यंत छायाचित्र किंवा चित्रफीत जपून ठेवायला हवी. दाद मागणाऱ्याच्या हाती हीच सर्वांत भक्कम साधने आहेत.

थकवणाऱ्याला सवलत, भरणाऱ्याला काय?

चलने लाखोंनी निघतात, वसुली मात्र तेवढी होत नाही. मग सरकारे सवलतीचा मार्ग धरतात. तेलंगणाने मार्च २०२२ मध्ये दुचाकींच्या थकीत चलनांवर ७५ टक्के सूट दिली. डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा सूट आली आणि या वेळी ती ८० टक्के होती. कर्नाटकने फेब्रुवारी २०२३ मध्ये निम्मी रक्कम माफ केली तेव्हा अवघ्या दहा दिवसांत १०० कोटी रुपयांहून अधिक रक्कम जमा झाली. तिथेही पुढे पुन्हा सवलती आल्या. उत्तर प्रदेशने तर २०१७ ते २०२१ या पाच वर्षांतील चलने रद्द करण्याचा निर्णय २०२३ मध्ये घेतला.

महाराष्ट्रात या थकबाकीसाठी राष्ट्रीय लोकअदालतीचा मार्ग वापरला जातो. पोलीस थकबाकीदारांना नोटिसा पाठवतात आणि तडजोडीने प्रकरणे मिटवली जातात. विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार लोकअदालतीचा निवाडा अंतिम असतो, त्याविरुद्ध अपील नाही. न्यायालयांवरील भार हलका करण्यासाठी ही सोय उपयोगी आहे, यात वाद नाही. पण ‘लोकअदालतीत कमी होईल, तोवर थांबू’ हा सल्ला आता वाहनधारक एकमेकांना देऊ लागले आहेत.

आणखी एक फट मुदतीची आहे. केवळ दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांच्या आत घ्यावी, असा फौजदारी प्रक्रियेचा नियम आहे. पूर्वी तो दंड प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८ मध्ये होता, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये आहे. विलंब माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला असला, तरी वेळेत न्यायालयात न पोहोचलेली जुनी चलने कायद्याच्या कसोटीवर लंगडी पडतात. अशा चलनांची थकबाकी कागदावर मात्र फुगत राहते.

या सगळ्याचा परिणाम उलटा होतो. चलन आल्याबरोबर पूर्ण रक्कम भरणारा नागरिक सर्वाधिक पैसे मोजतो. दोन वर्षे वाट पाहणारा निम्म्यात सुटतो आणि पाच वर्षे थांबणाऱ्याला कदाचित काहीच भरावे लागत नाही.

इतर देशांत काय होते?

फ्रान्समध्ये नेमके याच्या उलट आहे. तिथे अनेक नियमभंगांसाठी ठरलेला दंड १३५ युरो असतो. लवकर भरला तर तो ९० युरोवर येतो, थकवला तर ३७५ युरोवर जातो. सवलत आहे, पण ती वेळेत भरणाऱ्याला. कॅमेऱ्यात सापडलेल्या गाडीचा मालक चालकाचे नाव कळवू शकतो. कंपनीच्या मालकीच्या गाडीबाबत तर चालकाचे नाव कळवणे २०१७ पासून सक्तीचे आहे.

ब्रिटनमध्ये कॅमेऱ्याने वेगभंग टिपल्यास १४ दिवसांच्या आत नोंदणीकृत वाहनधारकाला नोटीस जावी लागते. चालक कोण होता, हे त्याने २८ दिवसांत कळवायचे. न कळवल्यास परवान्यावर सहा दोषगुण चढतात, म्हणजे साध्या वेगभंगाच्या दुप्पट. वेगभंगाला किमान १०० पौंड दंड आणि तीन दोषगुण असतात. तीन वर्षांत १२ दोषगुण झाले की वाहन चालवण्यास बंदी येऊ शकते, नवख्या चालकाचा परवाना तर दोन वर्षांत सहा दोषगुणांवरच जातो.

जर्मनीत अशा गुन्ह्यांची जबाबदारी चालकाचीच मानली जाते. त्यामुळे तिथले कॅमेरे समोरून, चेहरा दिसेल असे छायाचित्र घेतात. फ्लेन्सबुर्ग शहरातील केंद्रीय नोंदवहीत दोषगुण जमा होतात आणि आठ झाले की परवाना रद्द होतो. किरकोळ वाहतूक नियमभंग हा तिथे फौजदारी गुन्हा नसून प्रशासकीय चूक मानली जाते. त्यामुळे न्यायालयांत खटल्यांचे ढीग साचत नाहीत.

फिनलंडमध्ये गंभीर वेगभंगाचा दंड उत्पन्नावर ठरतो. २०२३ मध्ये ताशी ५० किलोमीटरच्या हद्दीत ८२ च्या वेगाने गाडी चालवणाऱ्या एका उद्योजकाला १ लाख २१ हजार युरो भरावे लागले. भारतात मोलमजुरी करणाऱ्याला पाचशेचे चलन दिवसाच्या कमाईएवढे पडते, तर आलिशान मोटारीच्या मालकाला ते जाणवतही नाही. फिनलंडने याच प्रश्नाचे उत्तर शोधले आहे.

भारतासाठी सर्वांत जवळचा दाखला अमेरिकेचा ठरावा. तिथे वाहतुकीचा कायदाच प्रत्येक राज्याचा वेगळा आहे. टेक्सासने २०१९ मध्ये सिग्नलवरील कॅमेऱ्यांवर बंदी घातली, तर इतर अनेक राज्यांत ते चालू आहेत. तरीही बहुतेक राज्यांनी आपसात करार केले आहेत. ‘एक चालक, एक परवाना, एक नोंद’ हे त्यांचे सूत्र. दुसऱ्या राज्यात केलेला गुन्हा चालकाच्या मूळ राज्याला कळवला जातो आणि तो तिथेच घडला, असे समजून कारवाई होते. युरोपीय महासंघातही २०१५ च्या निर्देशानुसार वेगभंग, सिग्नल तोडणे, मद्यपान, मोबाइलवर बोलणे अशा आठ गुन्ह्यांत सदस्य देश वाहनमालकाची माहिती एकमेकांना देतात. २०२४ मध्ये ही यादी आणखी वाढवण्यात आली. भारतात कायदा एक, परवाना एक आणि माहितीसंचही एक आहे. म्हणजे तिथल्यापेक्षा इथले काम सोपे असायला हवे.

दंड वाढवून अपघात कमी होतात का?

आकडे दिलासा देत नाहीत. देशात २०१८ मध्ये रस्ते अपघातांत १,५१,४१७ जणांचा मृत्यू झाला होता. दंड वाढल्यानंतरच्या काळात, २०२२ मध्ये ही संख्या १,६८,४९१ झाली. त्यातील १५,२२४ बळी महाराष्ट्रातील होते. २०२२ मधील ७१ टक्के मृत्यू वेगमर्यादा ओलांडल्यामुळे झाले आणि हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ दुचाकीस्वारांनी व सहप्रवाशांनी जीव गमावला. या काळात वाहने आणि रस्ते दोन्ही वाढले, त्यामुळे दंडवाढ निरुपयोगी ठरली असा सरळ निष्कर्ष काढता येणार नाही. पण केवळ रकमेवर भिस्त ठेवून भागत नाही, एवढे नक्की दिसते.

पकडले जाण्याची खात्री आणि परिणाम लवकर होण्याची खात्री नसेल, तर दंडाच्या आकड्याचा धाक उरत नाही. दहा हजारांचे न भरलेले चलन कुणालाही रोखत नाही. सहाव्या चुकीला परवाना जाणार, हे माहीत असलेला चालक मात्र पाचव्या चुकीनंतर सावध होतो. पैसे श्रीमंताकडे जास्त आणि गरिबाकडे कमी असतात, परवाना मात्र दोघांकडे एकच असतो.

वाहनधारकांनी काय लक्षात ठेवावे?

वाहनाच्या नोंदणीत मोबाइल क्रमांक अद्ययावत असावा, नाहीतर चलन झाल्याचे कळतच नाही. गाडी विकल्यावर ती खरेदीदाराच्या नावावर झाल्याची खात्री करावी. राज्याबाहेर प्रवास झाला असल्यास राज्याच्या आणि राष्ट्रीय अशा दोन्ही संकेतस्थळांवर थकबाकी तपासावी. चलनासोबतचे छायाचित्र उघडून ठिकाण, वेळ आणि क्रमांक पाहावा. क्रमांकात गफलत असेल किंवा बनावट नंबरप्लेटचा संशय असेल, तर लगेच ऑनलाइन तक्रार नोंदवावी आणि तिची नोंद जपून ठेवावी.

चलनाच्या नावाने येणाऱ्या बनावट संदेशांपासूनही सावध राहायला हवे. व्हॉट्सॲपवर चलनाच्या नावाने एपीके फाइल पाठवून बँक खाती रिकामी करण्याचे प्रकार घडले आहेत. खरे चलन कधीही ॲप डाउनलोड करायला सांगत नाही. संदेशातील दुव्यावर न जाता सरकारी संकेतस्थळ स्वतः उघडून त्यावर वाहन क्रमांक टाकणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

पुढे काय?

दंडाच्या रकमा देशभर सारख्या होणे अवघड आहे, आणि कदाचित त्याची गरजही नाही. रस्ते, वाहने आणि लोकांची ऐपत राज्यागणिक वेगळी आहे. पण तीन गोष्टी राज्यावर अवलंबून राहू नयेत. चलन ठरलेल्या मुदतीत मिळावे आणि ठरलेल्या मुदतीतच निकाली निघावे. ते मालकाला नव्हे, तर चुकलेल्या चालकाला चिकटावे. आणि परराज्यातील चलन मान्य नसल्यास आपल्या गावातून, ऑनलाइन सुनावणीने बाजू मांडता यावी. यासाठी लागणारी बहुतेक कलमे कायद्यात आधीच आहेत. सवलतीची घोषणा करणे त्यांच्या अंमलबजावणीपेक्षा सोपे असते. मात्र प्रत्येक सवलतीतून चालकांना पुढच्या सवलतीची वाट पाहण्याचाच धडा मिळतो. त्याची किंमत चलनाच्या हिशेबात दिसत नाही, ती दरवर्षीच्या अपघाती मृत्यूंच्या आकड्यात दिसते.